पॅथॉलॉजी रेसिडेन्सी: रात्रीचा कॉल आणि बोर्डाची परीक्षा, दोन्ही एकाच वहीत

पॅथॉलॉजी म्हणजे नऊ ते पाच, काचेवरचं काम, रात्री तुम्हाला कोण उठवणार, असं मॅचच्या (रेसिडेन्सीच्या जागा ठरवणाऱ्या प्रक्रियेच्या) आधी मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मीही ते खुशाल मानलं होतं. मग अमेरिकेत रेसिडेन्सीला आले, पहिल्याच वर्षी हातात पेजर आला आणि पहाटे पावणेतीनला तो वाजला. हा लेख इथे एपी-सीपी (पॅथॉलॉजीच्या दोन शाखा, खाली सांगते) करायला येणाऱ्या किंवा नुकत्याच आलेल्या आपल्या मंडळींसाठी आहे, खास करून जे भारतात एमडी पॅथॉलॉजी करून आलेत त्यांच्यासाठी, कारण आपला ग्रोसिंग (आलेला अवयव बघून कापणं) आणि हिस्टोचा (टिश्यूच्या स्लाइड वाचण्याचा) हात चांगला असतो आणि त्याच जोरावर आपण नेमके सीपीमध्ये आपटतो.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. कॉल वेगळा आणि बोर्डाचा अभ्यास वेगळा असं धरून चाललात तर दोन्हीकडे दमाल. दिवसा साइन-आउटला (सिनियरसोबत स्लाइड बघून रिपोर्ट पक्का करायला) बसून एपी शिकता येतं. सीपी मात्र खरं शिकवतो तो पेजर.

आधी रचना समजून घ्या

एपी म्हणजे अ‍ॅनाटॉमिक: सर्जिकल, सायटो, ऑटोप्सी, फॉरेन्सिक. सीपी म्हणजे क्लिनिकल: ब्लड बँक, केमिस्ट्री, मायक्रो, हिमॅटॉलॉजी, कोअ‍ॅग्युलेशन, इम्युनॉलॉजी, मॉलिक्युलर आणि वर लॅब मॅनेजमेंट. दोन्ही मिळून ४ वर्षं, नुसतं एपी केलं तर ३. आपल्याकडे मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे वेगळे विभाग, वेगळ्या एमडी, त्यामुळे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षानंतर आपण मायक्रोकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. इथे ते तुमच्याच गळ्यात असतं.

परीक्षा घेते अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजी, १९३६ मध्ये स्थापन झालेली, ऑफिस फ्लोरिडातल्या टँपाला. पूर्वी सगळ्यांना मायक्रोस्कोपवर स्लाइड बघायला टँपाला जावं लागायचं, सिनियर अटेंडिंग (म्हणजे आपल्यावरचे जबाबदार डॉक्टर) अजून त्या हॉटेलांच्या गोष्टी सांगतात. आता पिअरसन व्ह्यूच्या सेंटरवर कॉम्प्युटरसमोर बसायचं, स्लाइडसुद्धा स्क्रीनवर. एपी आणि सीपीचे निकाल वेगळे लागतात, म्हणजे एक पास आणि एक नापास होऊ शकतं, आणि होतंही.

बसायला मिळावं म्हणून आकडे भरावे लागतात. ऑटोप्सी ३०, फ्रोझन (ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून केलेली तपासणी) २००, सर्जिकल २०००, सायटो १५००. सर्जिकलचं टेन्शन घेऊ नका, ते आपोआप होतं. ऑटोप्सीचं घ्या. बऱ्याच हॉस्पिटलांत ऑटोप्सी इतक्या कमी झाल्यात की चौथ्या वर्षी लोक मेडिकल एक्झामिनरच्या (अनैसर्गिक मृत्यूंची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या) ऑफिसात जाऊन आकडा भरत असतात. पहिल्या महिन्यापासून केस लॉग करा, त्याच संध्याकाळी. सर्टिफिकेटसाठी राज्याचं पूर्ण मेडिकल लायसन्सही लागतं, म्हणजे यूएसएमएलई स्टेप ३ शक्यतो दुसऱ्या वर्षातच उरकून टाका, मेडिसिन डोक्यातून पार उडायच्या आत.

पेजर हातात घेण्याआधी

बऱ्याच ठिकाणी आपला कॉल होम कॉल असतो. घरून फोन घ्यायचा, गरज पडली तर जायचं. आठवड्याला ८० तासांची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीने धरतात, आणि घरून फोनवर केलेलं पेशंटचं कामही त्यात मोजायचं असतं, जे बहुतेक लोक लिहीतच नाहीत. लिहा. कॉल खरंच जड आहे हे प्रोग्रॅमला दाखवायला नंतर तेच आकडे कामी येतात.

पहिल्या कॉलच्या आधी एक संध्याकाळ ब्लड बँकेत जाऊन बसा. रात्रपाळीच्या टेकना (लॅब टेक्नॉलॉजिस्टना) भेटा, नाव सांगा, त्यांचं नाव विचारा. वीस-वीस वर्षं ब्लड बँक चालवलेली माणसं असतात ती आणि पहाटे तुम्हाला वाचवणार आहेत तीच, त्यामुळे मी डॉक्टर आणि तू टेक असला तोरा पहिल्या दिवशीच गुंडाळून ठेवा. घरून लॅबची सिस्टीम उघडते का ते कॉलच्या दिवशी दुपारीच बघा. पासवर्ड नेहमी शनिवारी रात्रीच एक्स्पायर होतो.

आणि फोनवर पहिलं वाक्य ठरवून ठेवा. पेशंटचं नाव, एमआरएन (हॉस्पिटलचा पेशंट नंबर), कुठल्या फ्लोअरवर, तुमचा नंबर काय. हे लिहून झाल्याशिवाय प्रश्न ऐकूच नका. अर्ध्या झोपेत कुणाच्या तरी प्लेटलेट मंजूर करून फोन ठेवला आणि मग कळलं की कुणाच्या ते माहीतच नाही, हे माझ्या बाबतीत झालंय.

ब्लड बँकेचे फोन

सगळ्यात जास्त फोन हेच. पावणेतीनचा तो पहिला फोनही हाच होता. नर्स म्हणाली, रक्त चालू आहे, दीडशे मिली गेलंय, टेंपरेचर ९८.९ होतं ते १०१.२ झालंय. मी म्हणाले, अ‍ॅसिटामिनोफेन द्या. आणि फोन ठेवणार तेवढ्यात तीच म्हणाली, डॉक्टर, रक्त थांबवू का? म्हणजे जे मी पहिल्या सेकंदाला म्हणायला हवं होतं ते ती मला विचारत होती.

तर क्रम असा. रक्त थांबवा, सलाईनवर लाइन चालू ठेवा, पिशवी फेकू नका. मग बीपी, पल्स, सॅच्युरेशन, थंडी वाजून हुडहुडी भरली का, लघवीचा रंग. पेशंटच्या हातावरचा बँड आणि पिशवीवरचं लेबल बेडपाशी उभं राहून परत जुळवा, कारण चुकीच्या ग्रुपचं रक्त जातं ते बहुतेक वेळा लॅबच्या तपासणीमुळे नाही, नावाच्या घोळामुळे जातं. नवीन सँपल आणि पिशवी ब्लड बँकेत. तिथे टेक तीन गोष्टी बघतात: कागदपत्रं, सेंट्रिफ्यूज केल्यावर प्लाझ्मा गुलाबी-लाल दिसतो का, आणि डीएटी (लाल पेशींना अँटिबॉडी चिकटलीय का ते दाखवणारी चाचणी). तिन्ही साफ असेल, ताप १ अंश सेल्सिअस किंवा जास्त चढून ३८ च्या वर गेलेला असेल आणि दुसरं कारण नसेल तर तो फेब्राइल नॉन-हिमोलिटिक. ताप २ अंशांनी चढला, हुडहुडी आहे, बीपी पडलं, तर पिशवीचं ग्रॅम स्टेन आणि कल्चर, आणि पेशंटचंही ब्लड कल्चर. तीच पिशवी परत चालू करायची मुभा एकाच ठिकाणी: नुसत्या गांधी उठल्यात, बाकी काही नाही, अँटिहिस्टॅमिनने बसल्या, तरच.

दम लागला असेल तर दोन नावं. टॅको म्हणजे पाणी जास्त झालं, बीपी चढतं, बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी चाचणी) वाढतं, लॅसिक्सला (लघवी वाढवणाऱ्या औषधाला) उतरतं. ट्राली म्हणजे सहा तासांच्या आत फुफ्फुसं भरतात, बीपी बहुधा पडतं. ट्रालीची शंका आली तर रक्त पुरवणाऱ्या केंद्राला रात्रीच कळवायचं, सकाळची वाट बघायची नाही, कारण त्याच डोनरच्या इतर पिशव्या कुठेतरी कुणाला लागायच्या बेतात असतील. आणि रक्तामुळे मृत्यू झाला असेल तर एफडीएला शक्य तितक्या लवकर कळवणं आणि ७ दिवसांत लेखी रिपोर्ट देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अशा वेळी अटेंडिंगला झोपेतून उठवताना अजिबात संकोच करू नका.

दुसरा मोठा गठ्ठा म्हणजे नाही म्हणायचे फोन. स्थिर, रक्तस्राव नसलेल्या पेशंटला प्लेटलेट १०,००० च्या खाली, मोठं ऑपरेशन असेल तर साधारण ५०,०००, मेंदूचं असेल तर १ लाख, हिमोग्लोबिन बहुतेकांना ७. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.६ आहे म्हणून प्रोसिजरच्या आधी प्लाझ्मा मागतात, तेव्हा शांतपणे सांगायचं की एवढा आयएनआर प्लाझ्माने फारसा हलत नाही, उलट व्हॉल्यूम मात्र जातो. वॉर्फरिनवर डोक्यात ब्लीड असेल तर प्लाझ्मा वितळवत बसू नका, फोर-फॅक्टर पीसीसी (रक्त गोठवणाऱ्या घटकांचं तयार इंजेक्शन) आणि व्हिटॅमिन के. भांडू नका. सर्जन ओरडला तर "मी अटेंडिंगना लाइनवर घेते" हे एक वाक्य पुरतं. पण ट्रॉमात क्रॉसमॅचशिवाय ओ रक्त मागितलं तर तिथे वाद नाही. सही मागणारा डॉक्टर करतो, आपण फक्त सँपल आधी काढून घ्या म्हणायचं, आणि ओ निगेटिव्ह कमी असेल तर ते मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी राखून पुरुषांना ओ पॉझिटिव्ह.

टीटीपीचा (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपतात तो जीवघेणा आजार) फोन का कोण जाणे शुक्रवारी संध्याकाळीच येतो. प्लेटलेट ९,०००, एलडीएच आभाळाला, क्रिएटिनिन जवळपास नॉर्मल, हिमोग्लोबिन ८. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) स्वतः बघा, शिस्टोसाइट्स (फाटलेल्या लाल पेशी) आहेत का. प्लाझ्मिक स्कोअर (टीटीपीची शक्यता सांगणारा) काढा, ७ पैकी ६-७ आला तर हलायला लागा. अ‍ॅडॅम्स-१३ (टीटीपीत कमी पडणारं एन्झाइम) चं सँपल प्लाझ्मा द्यायच्या आधी काढलं का हे विचारा, नंतर काढलेल्याचा उपयोग नाही, डोनरचं एन्झाइम मोजलं जातं. मग जाड कॅथेटर कोण टाकणार, अफेरेसिसची (मशीनने पेशंटचा प्लाझ्मा बदलणारी) नर्स कधी पोचणार, आणि प्लाझ्मा किती. ७० किलोचा माणूस, हिमॅटोक्रिट २५: ०.०७ गुणिले ७० गुणिले ०.७५, म्हणजे जवळजवळ ३.७ लिटर एक प्लाझ्मा व्हॉल्यूम, २५० मिलीच्या १५ पिशव्या. ब्लड बँकेला हा आकडा ताबडतोब सांगा, कारण एवढं वितळायला वेळ लागतो. मशीनला उशीर होणार असेल तर तोवर साधा प्लाझ्मा चालू करा, आणि जिवावरचा रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट देऊ नका. हे गणित मी त्या शुक्रवारी बिलाच्या पाकिटामागे केलं होतं आणि ते मला परत कधी पाठ करावं लागलं नाही.

स्मिअर आणि न पटणारे आकडे

रात्री टेक म्हणतात, ब्लास्ट (ल्युकेमियातल्या अपक्व पेशी) वाटतायत, बघता का. इथे आळस नको. ऑअर रॉड्सच्या (पेशीतल्या बारीक काड्यांच्या) मोळ्या, दोन खाचांचे न्यूक्लियस, सोबत फायब्रिनोजेन कमी, म्हणजे एपीएल (ल्युकेमियाचा एक तीव्र प्रकार), आणि तो पेशंट ल्युकेमियाने नाही तर आज रात्री रक्तस्रावाने जाऊ शकतो. नुसत्या शंकेवर अट्रा (त्यावरचं औषध) सुरू करतात, जेनेटिक्सची वाट बघत नाहीत, म्हणून हिमॅटॉलॉजीच्या फेलोला तुम्ही स्वतः फोन करा. रिपोर्टमध्ये लिहून ठेवणं म्हणजे कळवणं नव्हे.

आता आपल्या लोकांसाठी खास. मी मलेरिया ढिगाने पाहिलेला, त्यामुळे इथे एका रात्री लाल पेशींत बारीक रिंगा दिसल्याबरोबर फाल्सिपेरम म्हणायला तोंड उघडलं होतं. टेकने विचारलं, प्रवास केलाय का? नव्हता केला, म्हातारा गृहस्थ आपल्या बागेपलीकडे गेला नव्हता. बबेसिया होता. उत्तर-पूर्वेकडच्या आणि वरच्या मिडवेस्टमधल्या राज्यांत गोचिडीमुळे तो सर्रास दिसतो: पिगमेंट नाही, पेशीच्या बाहेरही पॅरासाइट, आणि नशिबाने चार ठिपक्यांचा क्रॉस सापडला तर प्रश्नच मिटला. टक्केवारी मात्र दोन्हीकडे काढायचीच, उपचार तिच्यावर ठरतो.

केमिस्ट्रीचे फोन सोपे, फक्त आकड्यांकडे एकत्र बघायचं. पोटॅशियम ९, कॅल्शियम ४, अल्क फॉस तळाला, आणि पेशंट टीव्ही बघतोय? जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंय कुणीतरी, त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) आलं. परत सँपल मागवा. प्लेटलेट अचानक २०,००० आणि स्मिअरवर गठ्ठे दिसतायत, तर सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये घ्या आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा.

फ्रोझन

एपी कॉल म्हणजे मुख्यतः हे. कॅपचं (कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सचं) अपेक्षित माप एका तुकड्याला २० मिनिटं, त्यात ग्रोस, कट, स्टेन, बघणं, फोन सगळं आलं. क्रायोस्टॅट (गोठवलेला तुकडा कापायचं मशीन) साधारण उणे २० ला, चरबी असेल तर ती अजून थंड लागते. मेंदूचा तुकडा ओल्या गॉझवर आला तर आइस क्रिस्टलने भोकं पडतात, म्हणून टिपून घ्या, थोडासाच गोठवा, आणि सोबत स्क्वॅश (काचेवर दाबून पसरलेला नमुना) करा. बऱ्याचदा स्क्वॅशच जास्त सांगून जातो.

पण हाताच्या सफाईपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: माझ्या उत्तराने तुम्ही आत्ता टेबलावर काय वेगळं करणार? मी दुसऱ्या वर्षी हा प्रश्न न विचारता एक लहानसा लिंफ नोड आख्खाच्या आख्खा गोठवला, सर्जनला लिंफोमा आहे का ते "सहज" जाणून घ्यायचं होतं. लिंफोमाच होता. फ्लोला (फ्लो सायटोमेट्री, पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी) पाठवायला ताजं काही उरलं नाही आणि त्या बाईंची परत बायॉप्सी झाली. अटेंडिंग मला काही बोलल्या नाहीत, नुसतं ब्लॉककडे बघत राहिल्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. लिंफोमाची शंका असेल तर टच प्रेप (तुकडा काचेला टेकवून घेतलेला ठसा) करा, अर्धा तुकडा आरपीएमआयमध्ये (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात) फ्लोला, बाकी फॉर्मलिन, आणि सर्जनला एवढंच सांगा की टिश्यू पुरेसं आहे.

खऱ्या रात्रीच्या फ्रोझन म्हणजे डायबेटिक किंवा न्यूट्रोपेनिक पेशंटच्या सायनसमध्ये बुरशी शिरलीय का, नेक्रोटायझिंग फॅसायटिस आहे का, आणि ट्रान्सप्लांट सेंटर असेल तर डोनरची किडनी आणि लिव्हर. किडनीत ग्लोमेरुली मोजायचे आणि किती टक्के बुजलेत ते सांगायचं, लिव्हरमध्ये मोठ्या थेंबांची चरबी किती टक्के. अवयव घ्यायचा की नाही हे आपण ठरवत नाही, आकडा द्यायचा आणि थांबायचं. फोनवर जे बोललात तेच शब्द लिहा, कुणाला सांगितलं, किती वाजता, आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

रात्री येणारे ताजे स्पेसिमेन हाही कॉलचाच भाग. मसल बायॉप्सी सलाईनमध्ये बुडवून ठेवायची नाही, जेमतेम ओल्या गॉझवर. ब्रेस्टला काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिन लागलं पाहिजे, आणि ६ ते ७२ तासच, नाहीतर ईआर आणि हर-२ या कॅन्सरचा उपचार ठरवणाऱ्या चाचण्यांवर विश्वास राहत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ५ ला टाकलेल्याचे ७२ तास सोमवारी संध्याकाळी ५ ला संपतात. सोमवारी सुट्टी असेल तर काय करायचं ते शुक्रवारीच ठरवा.

ऑटोप्सीचा फोन आला तर हात लावायच्या आधी दोन कागद: संमतीवर योग्य नातेवाइकाची सही आहे का आणि काही मर्यादा लिहिल्यात का, आणि केस मेडिकल एक्झामिनरची तर नाही ना. पडून झालेलं फ्रॅक्चर, ओव्हरडोस, ऑपरेशन टेबलावरचा मृत्यू, असं काही असेल तर आधी त्यांना फोन.

वही

एक साधी वही घ्या. दर कॉलला चार ओळी: काय विचारलं, मी काय सांगितलं, सकाळी अटेंडिंग काय म्हणाले, आणि त्यातून मला न आलेला एक मुद्दा. पेशंटचं नाव, एमआरएन अजिबात नाही. तो एक मुद्दा त्याच आठवड्यात वाचायचा. माझ्या चार वर्षांत अशा अडीच वह्या झाल्या आणि शेवटी ब्लड बँक आणि कोअ‍ॅग्युलेशनसाठी मी जवळजवळ दुसरं काही उघडलंच नाही.

बोर्ड

दरवर्षी वसंतात राइज होते, एएससीपीची (अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजीची) रेसिडेन्सीदरम्यानची इन-सर्व्हिस परीक्षा. तिचा एकूण स्कोअर बघून खूश किंवा दुःखी होऊ नका, विषयवार पान बघा. आपल्या लोकांचं तिथे साधारण एकच चित्र: सर्जिकल वर, मायक्रो आणि केमिस्ट्री खाली, मॅनेजमेंट तळाला. मायक्रोसाठी रोटेशनमध्ये रोज प्लेट राउंडला उभं राहा. बुरशी आणि पॅरासाइट डोळ्यांनी ओळखायचे असतात, वाचून येत नाहीत.

खरा अभ्यास शेवटच्या वर्षी साधारण सहा महिने. पहिले दोन महिने सीपी, कारण ते आवडत नाही म्हणून मागे पडतं. मग दोन्ही आलटून पालटून, प्रश्नांच्या बँका सोडवत. चुकलेला प्रश्न आणि नशिबाने बरोबर आलेला प्रश्न, दोन्ही परत वाचायचे, आणि दुसऱ्या प्रकाराबद्दल स्वतःशी खोटं बोलायचं नाही.

गणितं मात्र हाताने करा. उदाहरणार्थ आरएच निगेटिव्ह आईचं क्लायहाउअर-बेटके (आईच्या रक्तात बाळाच्या पेशी किती ते मोजणारी चाचणी) १.३ टक्के. आईचं रक्त ५००० मिली धरायचं, म्हणजे बाळाचं ६५ मिली आईत आलंय. आरएच इम्युनोग्लोब्युलिनची ३०० मायक्रोग्रॅमची एक व्हायल ३० मिलीला पुरते. ६५ भागिले ३० म्हणजे २.१७, दशांश ५ पेक्षा कमी म्हणून खाली २, आणि वर नेहमी एक जास्त. तीन व्हायल. २.६ आलं असतं तर वर ३ आणि एक, चार. परीक्षेत लोक तो शेवटचा एक विसरतात. अशीच प्लेटलेटची सीसीआय (दिलेल्या प्लेटलेटने आकडा किती चढला), अ‍ॅनायन गॅप, ऑस्मोलल गॅप, पीपीव्ही (पॉझिटिव्ह निकाल खरा असण्याची शक्यता).

मॅनेजमेंटला नाक मुरडू नका, थोड्या वाचनात खात्रीचे मार्क मिळतात. १९८८ चा लॅबच्या दर्जासाठीचा क्लिया कायदा, वेस्टगार्डचे नियम म्हणजे एक कंट्रोल (माहीत असलेल्या आकड्याचा तपासणी नमुना) ३ एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) बाहेर गेला किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडीबाहेर गेले तर रन अडवायचा, सर्जिकलच्या स्लाइड १० वर्षं ठेवायच्या, ओलं टिश्यू रिपोर्टनंतर २ आठवडे. दोन रविवार पुरतात.

स्क्रीनवरच्या स्लाइडची सवय वेगळी करावी लागते. मायक्रोस्कोपवर हात आपोआप फिरतो, माउसने मात्र माणूस एकदम झूम करून एका कोपऱ्यात अडकतो. आधी आख्खी स्लाइड, मग मधलं पॉवर, मगच आत. वेळ लावून सराव करा. आणि कुणी मागच्या वर्षीचे आठवून लिहिलेले प्रश्न पाठवले तर उघडू नका, बोर्ड ते फसवणूक धरतं.

ट्रेनिंग संपल्यापासून पास व्हायला ७ वर्षं मिळतात, त्यामुळे एक भाग राहिला तर जग बुडत नाही, पण फेलोशिप १ जुलैला सुरू होते आणि तिथेही कॉल असतोच, तेव्हा राहिलेला भाग पुढच्याच संधीला देऊन टाका. आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तुमचं नाव कॉलच्या यादीत नको हे चीफ रेसिडेंटला चार महिने आधी लेखी कळवा. मी तोंडी सांगितलं होतं. सीपीच्या दोन दिवस आधी, रविवारी रात्री, मी एकाच आयसीयूशी प्लेटलेटवरून तीनदा बोलत होते.